स्वरांचें शील

गेल्या वर्षीं प्लेटोचा ‘रिपब्लिक’ हा ग्रंथ वर्गांत शिकवीत असतां त्याच्या तिसऱ्या भागांतील संगीताच्या चर्चेपाशीं आम्ही येऊन पोहोंचलों. आदर्श नगरांत कोणते सूर राहूं द्यावे आणि कोणते हद्दपार करावे याची यादीच तेथें सॉक्रेटिसाच्या मुखानें दिली आहे. वर्गांत हंशा पिकला. न्यायाचें स्वरूप शोधावयास निघालेल्या तत्त्ववेत्त्यानें वाटेंत पावा वाजविणाऱ्याशीं वैर धरावें, हें तरुण मनांना गमतीचें वाटलें तर नवल नाहीं. पण मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी हंसली नाहीं. तास संपल्यावर ती टेबलापाशीं आली आणि म्हणाली, “सर, गाण्यानें माणूस चांगला किंवा वाईट होतो हें खरें कीं खोटें, तें तुम्ही सांगितलें नाहीं.”

मीं तिला त्या वेळीं कांहीं तरी उत्तर दिलें. तें तिला पटलें नाहीं, आणि घरीं येईपर्यंत मलाहि तें पटेनासें झालें. पाश्चात्य संगीताचा मी शास्त्रज्ञ नव्हे. फार झालें तर हौशी श्रोता आहें. परंतु ग्रीकांपासून बाख-हँडेलपर्यंतचा त्या संगीताचा इतिहास चाळीत असतां असें दिसून आलें कीं, त्या मुलीचा प्रश्न युरोपनें दोन हजार वर्षें सोडलेला नाहीं. तो कधीं तत्त्ववेत्त्यांनीं विचारला, कधीं साधूंनीं, कधीं पोपांनीं, तर कधीं धर्मसुधारकांनीं. त्यांचीं उत्तरें तपासून आपलें उत्तर बनवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम प्लेटोचें म्हणणें नीट ऐकून घेतलें पाहिजे. ग्रीक संगीतांत स्वरांच्या निरनिराळ्या मांडण्या होत्या. त्यांना ‘हार्मोनिया’ म्हणत, आणि डोरियन, फ्रीजियन, लीडियन अशीं त्यांचीं नांवें लोकांवरून व प्रांतांवरून पडलीं होतीं. आपल्या थाटांशीं त्यांची ढोबळ तुलना करतां येईल. इ. स. पूर्वीं ३७५ च्या सुमाराच्या या ग्रंथांत प्लेटोनें मिक्सोलीडियनसारखे प्रकार विलापाचे म्हणून वगळले. आयोनियन व लीडियनपैकीं कांहीं प्रकार मद्यपानाच्या बैठकींत शोभणारे व मनाला सैल सोडणारे म्हणून वगळले. आणि रणांगणांतील धैर्यासाठीं डोरियन व शांतिकालांतील संयमासाठीं फ्रीजियन असे दोनच ठेवले. वाद्यांपैकीं लायर व किथारा हीं तंतुवाद्यें नगरांत राहिलीं, मेंढपाळाची साधी बांसरी रानांत राहिली. पत्तीनें वाजणारा ‘ऑलॉस’ नांवाचा जोडपावा मात्र नगराबाहेर गेला.

यादी हास्यास्पद वाटते. तिच्यामागचा विचार मुळींच हास्यास्पद नाहीं. मूल युक्तिवाद समजूं लागण्याच्या कितीतरी आधीं लय आणि सूर त्याच्या मनांत शिरून बसतात, हें प्लेटोनें ओळखलें होतें. ज्याचे कान लहानपणीं सुसंगतीला संवकले, त्याला पुढें सद्गुण भेटला म्हणजे त्याची ओळख लागलीच पटते. कारण विचारण्याची पाळी मागाहून येते. उलटपक्षीं गाण्याची रीत बदलली म्हणजे राज्याचे कायदेहि डळमळतात, असा इशारा त्यानें डेमन या संगीतज्ञाच्या आधारानें दिला आहे. ज्या वस्तूला सामर्थ्यच नाहीं तिला कोणी बंदी घालीत नाहीं. संगीताला निव्वळ करमणूक समजून त्याची स्तुति करणाऱ्या आजच्या रसिकापेक्षां त्याला भिणाऱ्या प्लेटोनें त्याचा अधिक मान राखला, असेंच म्हणावें लागेल.

परंतु या मताला पहिला धक्का त्याच्या शिष्यानेंच दिला. ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या भागांत ॲरिस्टॉटल विचारतो कीं, ऑलॉस जर उन्मादकारक म्हणून वर्ज्य, तर फ्रीजियन कां ठेवला? वाद्यांत जें ऑलॉसचें काम तेंच स्वरमांडण्यांत फ्रीजियनचें. दोन्हीहि अंगांत वारें आणणारीं. गुरूनें एकाला दाराबाहेर घालवून दुसऱ्याला आसन दिलें होतें. मुलांना संगीत शिकवावें, हें ॲरिस्टॉटललाहि मान्य आहे. पण संगीताचे उपयोग अनेक आहेत, भावनांचा निचरा होऊन मन हलकें होणें हाहि त्यांतलाच एक, असें तो म्हणतो. म्हणजे कोणता सूर कोणतें शील घडवितो याविषयीं गुरु आणि शिष्य यांचेंच एकमत नव्हतें.

पुढें काळानें या वादाची एक विलक्षण थट्टा केली. ग्रीक संगीत जवळजवळ सर्व नाहींसें झालें. आज त्याचे साठांच्या आसपास तुकडे उपलब्ध आहेत, आणि पूर्ण स्वरूपांत राहिलेली जुनी रचना म्हणून साइकिलोस याच्या स्मृतिशिलेवरील चार ओळींचें गाणें दाखविलें जातें. तुर्कस्तानांतील आयदिनजवळ १८८३ मध्यें ती शिला प्रकाशांत आली. सूर गेले, पण नांवें राहिलीं. मध्ययुगीन मठांतील शास्त्रज्ञांनीं आपल्या धर्मगीतांच्या स्वरमांडण्यांना तींच ग्रीक नांवें दिलीं, आणि देतांना अदलाबदल झाली. ग्रीकांच्या डोरियनचें सप्तक आजच्या युरोपीय स्वरनामांत ‘मी’पासून ‘मी’पर्यंत जातें, मध्ययुगाचा डोरियन ‘रे’पासून ‘रे’पर्यंत. ग्रीकांचा डोरियन तो मध्ययुगाचा फ्रीजियन झाला, आणि ग्रीकांचा फ्रीजियन तो डोरियन. असें असूनहि कित्येक पंडित पुढें शतकानुशतकें आपल्या डोरियनच्या ठिकाणीं गांभीर्य व धैर्य पाहत राहिले. नांव तेंच, वर्णन तेंच, सूर मात्र वेगळे! शील जर खरोखर स्वरांतच राहत असतें, तर ही चूक कोणाच्या तरी कानांना तेव्हांच खटकली असती.

प्लेटोनंतर सुमारें पावणेआठशें वर्षांनीं हाच प्रश्न राज्यशास्त्र सोडून एका माणसाच्या अंतःकरणांत शिरला. सेंट ऑगस्टीन यानें ३८७ मध्यें मिलान येथें बिशप अँब्रोझ याच्या हस्तें ख्रिस्ती दीक्षा घेतली. त्या दिवसांत चर्चमधील स्तोत्रें ऐकून त्याच्या डोळ्यांना धारा लागत. पुढें दहाएक वर्षांनीं ‘कन्फेशन्स’ हें आत्मनिवेदन लिहितांना त्या अश्रूंचाच त्याला संशय येऊं लागला. मी रडलों तो अर्थासाठीं कीं आवाजासाठीं? शब्दांपेक्षां गाण्यानेंच आपण अधिक हेलावलों असें आढळलें म्हणजे तो तें आपलें पाप मानतो. अशा वेळीं गाणाराचा आवाज कानीं न पडता तर बरें, असें त्याला वाटतें. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस हा स्तोत्रपाठकाला इतके थोडे चढउतार करूं देई कीं तें गाणें बोलण्यासारखेंच भासे. तीच रीत सुरक्षित, असें एकदां त्याच्या मनांत येतें. पण लागलीच मिलानचे अश्रु आठवतात, आणि तो पुन्हां गाण्याच्या बाजूला झुकतो.

या दोलायमान मनाविषयीं मला फार आदर वाटतो. प्लेटोनें संशयित म्हणून स्वरांना पकडलें होतें. ऑगस्टीननें श्रोत्याला, म्हणजे स्वतःलाच, पकडलें. प्रश्न येथें प्रथमच योग्य दिशेला वळला, असें मला वाटतें. दुर्दैवानें त्याच्या मागून आलेल्यांनीं ती दिशा फारशी धरली नाहीं.

सहाव्या शतकाच्या आरंभीं बोएथियस या रोमन पंडितानें लिहिलेला संगीतावरील ग्रंथ पुढें सबंध मध्ययुगाचें पाठ्यपुस्तक झाला. त्यानें संगीताचे तीन प्रकार मानले: ग्रहगोलांच्या गतींतील विश्वसंगीत, देह व आत्मा यांच्या मेळांतील मानवसंगीत, आणि वाद्यांतून व कंठांतून निघणारें प्रत्यक्ष संगीत. या तिसऱ्या प्रकाराची पायरी अर्थातच सर्वांत खालची. खरा संगीतज्ञ कोण? तर जो बुद्धीनें संगीताचें परीक्षण करतो तो. जो हातांनीं वाजवितो तो त्याच्या मतें ज्ञानाचा धनी नसून कारागिरीचा दास होय. कल्पना उदात्त आहे. पण तिच्या पोटांत एक तुच्छता दडलेली आहे. जो गातो तो माणूस या विचारांतून हळूच वजा झाला. या वजाबाकीकडे वाचकांनीं लक्ष ठेवावें; तिचा हिशेब पुढें द्यावयाचा आहे.

यानंतरच्या हजार वर्षांत युरोपच्या संगीतानें जगांत अन्यत्र क्वचितच दिसणारा मार्ग धरला. १०२५ च्या सुमारास ग्वीदो नांवाच्या इटालियन साधूनें रेघांवर स्वर लिहिण्याची रीत पक्की केली, आणि ज्या विद्येला दहा वर्षें लागत ती एकदोन वर्षांत येऊं लागेल असें अभिमानानें लिहिलें. ‘उत्, रे, मी’ हीं स्वरनामेंहि त्याच्याच शिकवणींतून आलीं. स्वर कागदावर उतरले, तेव्हां एका वेळीं अनेक कंठांनीं वेगवेगळे सूर गाण्याच्या रचना बांधणें व टिकविणें सुलभ झालें. पॅरिसच्या नोत्र-दामच्या परंपरेंत ११९८ च्या सुमारास पेरोतँ यानें चार कंठांच्या विस्तृत रचना केल्या. त्यांत मूळ धर्मगीताचें एकेक अक्षर खालच्या आवाजांत लांबच लांब धरून ठेवलेलें असतें, आणि वर तीन आवाज एकमेकांभोंवतीं फिरत राहतात. ऐकतांना एखाद्या उंच देवळाच्या कमानींखालीं उभें राहिल्यासारखें वाटतें. पण शब्द कोणता चालला आहे तें कळत नाहीं.

तेव्हां ऑगस्टीनची शंका कायद्याच्या रूपानें परत आली. १३२४-२५ च्या सुमारास पोप बाविसावा जॉन यानें आव्हिन्यों येथून काढलेल्या आज्ञापत्रांत तक्रार आहे कीं, गवई बारीकबारीक स्वरांच्या मागें धांवतात, मध्येंच श्वास तोडून सूर एकमेकांकडे फेंकतात, आणि कानांना धुंद करतात पण बरें करीत नाहींत. सणाच्या दिवशीं साध्या संवादी स्वरांची जोड देण्यापुरती त्यानें मोकळीक ठेवली. पुढें पन्नास वर्षांच्या आंतच फ्रान्समध्यें गिय्योम द माशो यानें चार कंठांची संपूर्ण ‘मास’ रचली, आणि आज त्या काळाचें भूषण म्हणून आपण तिच्याकडेच बोट दाखवितों.

सोळाव्या शतकांतील धर्मसुधारकांचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. लूथर, झ्विंग्ली आणि कॅल्विन या तिघांनीं एकच बायबल प्रमाण मानलें. लूथरनें धर्मशास्त्राच्या खालोखाल संगीताला मान दिला व स्वतः गीतें रचलीं. कॅल्विननें उपासनेंत स्तोत्रें ठेवलीं, पण सर्वांनीं मिळून एकाच चालीवर, वाद्यांवांचून गाण्यापुरतीं. झ्विंग्ली तिघांमध्यें वादनांत अधिक निपुण होता. त्यानेंच झूरिचच्या उपासनेंतून संगीत काढून टाकलें, आणि १५२७ मध्यें तेथील मुख्य चर्चचा ऑर्गन मोडण्यांत आला. ग्रंथ एक, श्रद्धा एक, आणि निर्णय तीन! तेव्हां हे निर्णय कोणत्याहि स्वरांच्या अंगच्या पापपुण्यावरून झालेले नव्हते हें उघड आहे. प्रत्येकानें आपल्याच मनाच्या दुबळेपणाचें माप सर्व समाजाला लावलें. आणि ज्याला संगीत अधिक कळत होतें त्याला त्याची भीतीहि अधिक वाटली.

रोमन पंथांतहि ट्रेंटच्या धर्मसभेनें १५६२ मध्यें ऑर्गनांतून वा गाण्यांतून कांहींहि विलासी किंवा अशुद्ध देवळांत येऊं नये असें ठरविलें. या वेळीं बहुकंठी संगीतच नष्ट व्हावयाचें, पण पालेस्त्रीना याच्या ‘पोप मार्सेलसच्या मास’नें तें वांचविलें, अशी एक गोड कथा सांगतात. ती १६०७ पासून लेखी आढळते. इतिहाससंशोधक तिच्यावर विश्वास ठेवीत नाहींत. मात्र १५६५ मध्यें रोममध्यें एका कार्डिनलच्या घरीं पोपच्या गायकांकडून कांहीं रचना गाऊन घेऊन शब्द समजतात कीं नाहीं याची परीक्षा झाली, ही गोष्ट खरी. आणि पालेस्त्रीनाची ती रचना १५६७ मध्यें छापली गेली, तिच्यांत सहा कंठ असूनहि शब्द स्वच्छ ऐकूं येतात, हेंहि खरें.

शब्द स्वच्छ झाला म्हणजे नीति सुरक्षित झाली काय? याचें उत्तर लौकरच मिळालें. फ्लॉरेन्समध्यें विन्चेंझो गालिली यानें (सुप्रसिद्ध ज्योतिर्विद गॅलिलिओचा हा पिता) १५८१ मध्यें आपला संवादरूप ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि अनेक सूर एकदम गाण्यानें भावनेचा घोंटाळा होतो, ग्रीकांसारखा एकच आवाज शब्दांमागून चालावा, असें प्रतिपादिलें. अर्तूसी नांवाच्या शास्त्रनिष्ठ साधूनें १६०० मध्यें मोंतेव्हेर्दीच्या विसंवादी स्वरांवर टीका केली, तेव्हां मोंतेव्हेर्दीच्या भावानें १६०७ मध्यें त्याच्या वतीनें उत्तर दिलें कीं, या नव्या रीतींत शब्द ही मालकीण आहे आणि स्वरमेळ ही तिची दासी आहे. त्याच साली मान्तुआ येथें मोंतेव्हेर्दीचें ‘ऑर्फेओ’ हें संगीतनाटक झालें. धर्मसभेलाहि शब्द हवा होता आणि मोंतेव्हेर्दीलाहि. पण एकीला तो प्रार्थनेसाठीं हवा होता, आणि दुसऱ्याला मृत पत्नीसाठीं पाताळांत उतरलेल्या गवयाच्या आक्रोशासाठीं. ज्या दारानें प्रार्थना आंत आली त्याच दारानें प्रणयहि आला.

आतां मी माझ्या मतें या प्रश्नाचा निकाल लावणाऱ्या उदाहरणाकडे येतों. सॉक्रेटिसाच्याच काळीं प्रॉडिकस नांवाच्या ग्रीक शिक्षकानें एक बोधकथा सांगितली होती. तरुण हर्क्युलीस चव्हाट्यावर उभा आहे. एका बाजूनें सुखलालसा त्याला बोलावीत आहे, दुसऱ्या बाजूनें सद्गुण. या कथेवर योहान सेबास्टियन बाख यानें १७३३ च्या सप्टेंबरांत लाइपझिग येथें सॅक्सनीच्या राजपुत्राच्या वाढदिवसानिमित्त एक गीतमालिका सादर केली. तींत सुखलालसा हर्क्युलीसला मोहांत पाडण्यासाठीं एक अंगाई गाते: नीज, विश्रांति घे, मनाला वाटेल तें भोग, असा तिचा आशय. पुढच्याच वर्षीं नाताळसाठीं ‘क्रिसमस ऑरेटोरिओ’ रचतांना बाखनें तीच अंगाई उचलली, पट्टी बदलली, शब्द थोडे फिरविले, आणि २६ डिसेंबर १७३४ रोजीं ती बाळ येशूच्या पाळण्याशीं गाइली गेली.

बाख हा धर्मश्रद्ध मनुष्य. हस्तलिखिताच्या शेवटीं ‘केवळ देवाच्या गौरवार्थ’ या अर्थाचीं अद्याक्षरें लिहिण्याची त्याची संवय प्रसिद्ध आहे. मोहाच्या तोंडचे सूर देवाच्या पाळण्याला लावतांना त्याला संकोच वाटला नाहीं. आणि ज्यांना मूळ गीत ठाऊक नाहीं त्यांना त्या अंगाईंत पावित्र्यावांचून दुसरें कांहींहि ऐकूं येत नाहीं. प्लेटोचा पहारेकरी त्या दाराशीं उभा असता तर त्यानें काय केलें असतें? सप्टेंबरांत अडविलेल्या सुरांना डिसेंबरांत मुजरा केला असता! त्या सुरांत आहे ती मृदुता. ती कोणाला निजविण्यासाठीं आणि कशासाठीं वापरावयाची हें सुरांना माहीत नसतें. आईची अंगाईहि मृदु, आणि ठकविणाऱ्याची वाणीहि मृदु.

येथवर येऊन थांबावें, आणि ‘कला ही नीतीच्या पलीकडे आहे’ असें म्हणून मोकळें व्हावें, हा मार्ग सोपा आहे. त्या मुलीला वर्गाच्या दाराशीं मीं दिलेलें उत्तर जवळजवळ हेंच होतें. तें मला पटेनासें झालें याचें कारण एक ध्वनिमुद्रिका होय.

चर्चमध्यें स्त्रियांनीं गप्प राहावें, असें सेंट पॉलचें वचन मानून रोमच्या देवळांतील गायनांतून स्त्रियांना वगळलेलें होतें. उंच आवाजासाठीं मुलगे घेत. पण मुलग्याचा आवाज फुटला कीं वर्षांची मेहनत वायां जाई. यावर जो उपाय निघाला तो लिहितांना हात कचरतो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, आवाज फुटण्यापूर्वींच ज्यांच्यावर शस्त्र चालविलें आहे अशा पुरुषांना, ज्यांना ‘कास्त्राती’ म्हणत, गायकवृंदांत घेण्यांत येऊं लागलें. १५८९ मध्यें पोप पांचवा सिक्सटस यानें सेंट पीटरच्या गायकवृंदाची पुनर्घटना केली तींत त्यांना जागा दिली होती, आणि पुढें ते खुद्द पोपच्या खासगी गायकवृंदांत दिसूं लागले. मागून ऑपेरानें त्यांना उचलून धरलें. लंडनमध्यें १७२४ सालीं हँडेलच्या ‘जूलिओ चेझारे’ या ऑपेरांत सीझरची वीरभूमिका गाणारा सेनेसिनो हा कास्त्रातीच होता. चर्चच्याच कायद्यानें हें कृत्य गुन्हा होतें. म्हणून घोड्यावरून पडला, डुकरानें चावा घेतला, अशीं कारणें सांगत. गरीब घरचे आईबाप लेकराच्या गळ्यावर संसाराची आशा ठेवीत. १७७० मध्यें चार्ल्स बर्नी हा इंग्रज संगीतेतिहासकार इटलींत हिंडला आणि हें कृत्य कोठें करतात याची त्यानें चौकशी केली. मिलानमध्यें सांगत, व्हेनिसला. व्हेनिसमध्यें सांगत, बोलोन्याला. बोलोन्यांत फ्लॉरेन्सकडे बोट, फ्लॉरेन्सांत रोमकडे, रोममध्यें नेपल्सकडे. आपल्या गांवांत तें होतें असें कोणताहि गांव कबूल करीना.

आतां हा काळ पाहा. ट्रेंटची सभा नुकतीच होऊन गेलेली. सुरांत विलास नको, शब्द स्पष्ट हवा, यासाठीं कार्डिनलांच्या घरीं परीक्षा झालेल्या. अर्तूसी एकेका विसंवादी स्वरासाठीं ग्रंथ लिहितो आहे. स्वरांच्या शीलाची एवढी काळजी वाहणाऱ्या त्या युगांत, वरच्या पट्टींत शुद्ध व निष्पाप लागणारा हा आवाज कोठून येतो, हा प्रश्न धर्मपीठांनीं त्याच तत्परतेनें विचारला नाहीं. स्वर पवित्र होते, शब्द स्पष्ट होते. मुलाचें काय झालें तें कोणत्याहि स्वरलिपींत लिहिलेलें नसतें. बोएथियसनें वजा केलेला माणूस तो हा.

यावर कोणी म्हणेल, हा दोष समाजाचा; संगीताला त्याचें काय? तेंच मला म्हणावयाचें आहे. संगीताची नीति सुरांत शोधण्यांतच चूक झाली. ती सुरांच्या अलीकडे व पलीकडे शोधावयास पाहिजे होती. अलीकडे म्हणजे गाणाऱ्याच्या जिण्यांत, आणि पलीकडे म्हणजे ऐकणाऱ्याच्या वागण्यांत. व्हेनिसच्या ‘पिएता’ या अनाथाश्रमांत १७०३ पासून व्हिव्हाल्डी मुलींना व्हायोलिन शिकवी. सोडून दिलेल्या त्या मुलींचें वादन ऐकण्यासाठीं सबंध युरोपांतून लोक येत. त्या जाळीच्या आड बसून वाजवीत, हें खरें. तरीहि जिला आडनांव नव्हतें तिला तेथें ‘व्हायोलिनची’ अशी ओळख मिळाली. सूर जितके मधुर इकडे तितकेच तिकडे. भेद एवढाच कीं, एकीकडे संगीतासाठीं मूल वापरलें गेलें, आणि दुसरीकडे, अपुरें कां होईना, संगीत मुलाच्या उपयोगीं पडलें.

श्रोत्याच्या बाजूचें उदाहरण हँडेलच्याच चरित्रांत सांपडतें. १३ एप्रिल १७४२ रोजीं डब्लिन येथें ‘मेसाया’चा पहिला प्रयोग झाला. त्याचें उत्पन्न कर्जापायीं तुरुंगांत पडलेल्यांच्या सुटकेसाठीं आणि दोन रुग्णालयांसाठीं होतें. १७५० पासून लंडनच्या अनाथ बालकांच्या आश्रमासाठीं त्याचे प्रयोग होऊं लागले. ही खरोखर पुण्याई. पण त्याच हँडेलचें नांव, गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीच्या १७२० सालच्या भागांच्या नोंदवहींतहि आढळतें. एका हातानें कैद्यांच्या बेड्या तोडणारें द्रव्य उभें राहिलें, आणि दुसऱ्या हातानें बेड्या घालणाऱ्या धंद्यांत पैसा गुंतला. तो बहुधा मागून बदलला असेल, अशी आपल्या मनाची समजूत घालावीशी वाटते; पण संगीतानेंच त्याला बदललें असें म्हणावयास आधार नाहीं.

मग संगीतानें माणूस मुळींच बदलत नाहीं काय? तसेंहि म्हणवत नाहीं. फारिनेल्ली हा कास्त्राती गायक १७३७ मध्यें स्पेनला गेला, आणि विषादानें ग्रासलेल्या राजा पांचव्या फिलिपला त्यानें रोज रात्रीं गाऊन उभारी दिली. ऑगस्टीनचे अश्रुहि खोटे नव्हते. संगीत मनाची जमीन भिजवून मऊ करतें, एवढें खास. भिजलेल्या जमिनींत काय पेरावयाचें हें मात्र तें सांगत नाहीं. प्लेटोनें ही ओल बरोबर ओळखली. बीं मात्र तिच्यांतच आहे असें मानलें, ही त्याची चूक.

त्या ध्वनिमुद्रिकेची गोष्ट राहिली. आलेस्सांद्रो मोरेस्की हा पोपच्या गायकवृंदांतील शेवटच्या कास्त्रातींपैकीं एक. तो १९२२ मध्यें वारला. १९०२ व १९०४ सालीं त्याचा आवाज मुद्रित केला गेला. १९०३ मध्यें पोप दहावा पायस यानें धर्मसंगीताविषयीं आज्ञापत्र काढून उंच आवाजासाठीं मुलगेच घ्यावे असें सांगितलें. पण कास्त्रातींवर काय गुदरलें याचा त्यांत उल्लेख नाहीं. मोरेस्कीनें गाइलेली ‘आव्हे मारिया’ मीं ऐकली. बाखच्या एका वाद्यरचनेवर गूनो या फ्रेंच संगीतकारानें चढविलेली ती चाल. आवाज थरथरतो, कांहीं ठिकाणीं घसरतो, आणि मग एकदम वर जाऊन असा लागतो कीं अंगावर कांटा उभा राहतो. माझ्याहि डोळ्यांत पाणी आलें, आणि दुसऱ्याच क्षणीं त्या पाण्याची लाज वाटली. हा सूर मला आवडावा कीं नाहीं? आवडला, हें तर झालेंच होतें. ऑगस्टीनची यातना काय असेल तें मला त्या रात्रीं प्रथम कळलें.

आणि मग इटलीच्या गांवांना नांवें ठेवण्याची घाईहि राहिली नाहीं. आपल्याकडेहि गाणारणीच्या गळ्याला पिढ्यान् पिढ्या दाद मिळाली, आणि तिच्या लेकीला सोयरीक मिळाली नाहीं. दाद देणारे आपलेच पूर्वज होते, आणि दार लावणारेहि तेच.

त्या विद्यार्थिनीला मीं अखेर उत्तर दिलें तें असें. गाण्यानें माणूस चांगला होत नाहीं, वाईटहि होत नाहीं. तो कांहीं काळ उघडा होतो. त्या उघडेपणीं त्याला दोन गोष्टी विचारतां आल्या पाहिजेत: हें सुख माझ्यापर्यंत पोहोंचविण्यासाठीं कोणी काय गमावलें, आणि बैठकींतून उठल्यावर मी कोणाच्या उपयोगीं पडणार आहें. जो हे प्रश्न टाळतो त्याला बाखहि तारणार नाहीं. जो विचारतो त्याला प्लेटोनें वर्ज्य केलेला लीडियनहि बिघडविणार नाहीं.

तिनें थोडा वेळ विचार केला व म्हटलें, “म्हणजे सर, यादी सुरांची करावयाची नाहीं, आपलीच करावयाची.” मला सबंध लेखभर जें सांगावयाचें होतें तें तिनें एका वाक्यांत सांगितलें. तेव्हां येथेंच थांबणें बरें.